न जळलेलं गवत

तळ्याचा काठ जळून काळा पडला होता. मधेच बैलगाडीच्या चाकाएवढं गवत मात्र पिवळंच उभं होतं.

पाणी ओसरलं की तळ्यातली मोकळी जमीन आम्ही पेरतो, आणि त्याआधी बाबा तिथलं वाळलं गवत जाळतात. कॉलेजच्या प्रकल्पात मी लिहिलं होतं, की या आगीत पक्ष्यांची घरटी जातात. पाहणीसाठी वर्गातली केतकी माझ्यासोबत गावी आली होती. तिनं सहज विचारलं, "काका, एवढंच का सोडलं?"

"टिटवीचे अंडे आहेत तिथं, पोरी. पयले भवताल पाणी मारतो, मंग आग लावतो."

"आणि शेजारचे?"

"ते ट्रॅक्टर फिरवतात. ट्रॅक्टरले अंडे कुठं दिसतात?" मग माझ्याकडे बघून हसले. "यानं कधी विचारलंच नाही."

असे गोल मी लहानपणापासून बघत आलो. आग तिथवर पोचली नसेल, एवढंच मला वाटायचं. जे रोज दिसतं त्याबद्दल विचारायचं सुचत नाही, असं असेल कदाचित. पण बाबा तिच्याशी इतकं बोलत होते, की मला तिचा हेवा वाटला आणि त्या हेव्याची लाजही वाटली.

पुढचा तुकडा जाळायला निघताना बाबांनी पाण्याची बादली केतकीच्या हातात दिली. मी हात पुढे केला, तर म्हणाले, "राहू दे, तू अभ्यास कर." आजवर ते मला हेच म्हणत आलेत.