हवेशी उभा दावा

देवगडपासून आरोंद्यापर्यंत अख्ख्या किनाऱ्यावर हवेवर एवढा राग धरून बसलेला माणूस दुसरा सापडायचा नाही. जामसंड्यात आमच्या घराच्या वरच्या खोल्यांत तो आईला घेऊन भाड्याने राहतो आणि औषधशास्त्राच्या कॉलेजात शिकवतो. लोक इथं हवा खायला येतात; हा सकाळी दार उघडून ती हुंगतो नि म्हणतो, "काकी, आज पण दमट." जणू मीच भिजवून ठेवली.

कारण काय, तर हा जिभेवर ठेवताच विरघळणारी औषधाची पातळ फिल्म बनवतो. फिल्म धरणारी पावडर पाण्यात भिजवून पाकासारखी करायची, बुडबुडे जाईपर्यंत थांबायचं, काचेवर पातळ ओतून मंद उबेवर वाळवायची. लवचीक राहावी म्हणून त्यात घातलेलं ग्लिसरीन कमी पडलं तर फिल्म तडकते, जास्त झालं तर चिकटते, आणि दोन्ही जमलं तर आमची समुद्राची हवा तिला पुन्हा ओली करते. म्हणून एवढा शिकलेला माणूस कॉलेजला जाताना ओसरीवर हात जोडून गाऱ्हाणं घालतो, "बा देवा म्हाराजा, आजची फिल्म तडकाक नको, काचेक चिकटाक नको रे म्हाराजा," आणि आम्ही नवराबायकोने आतून "व्हय म्हाराजा" म्हणायचं. एकदा कुकरच्या शिट्टीत माझं म्हणायचं राहिलं, तर फाटकातून परत आला.

बिनऔषधाची फिल्म आधी माझ्या जिभेवर. "काकी, बोलू नका," म्हणून घड्याळ धरून बसतो. मला गप्प बघून आमचे हे त्याला म्हणाले, "रे, ह्येच्यापेक्षा सावकाश इरघळणारी करूक येणा नाय?" तो हसला नाही. वर आई खोकली होती, कान तिकडे.

अर्धांगवायू झाल्यापासून तिला गोळी गिळवत नाही. ठसका लागतो, डोळे पांढरे होतात. रक्तदाबाची गोळी म्हणजे रोजचं संकट, आणि चुकवूनही चालत नाही.

परवा डॉक्टरांना विचारून त्याने बिनऔषधाची फिल्म तिला द्यायचं ठरवलं. स्वतः ठेवायला धजेना, चिमटा माझ्याच हातात दिला. मी ठेवली. आम्ही दोघं तिच्या गळ्याकडे बघत उभे. गळा एकदा हलला. ठसका नाही. तिने जीभ बाहेर काढून दाखवली. काही उरलं नव्हतं.

"गेली गो," मला म्हणाली. मग मुलाकडे बघून, "बरी आसा. आता गोळी दी."

फिल्ममध्ये औषध घालून ती तपासून व्हायला किती काळ लागेल, त्यालाच ठाऊक नाही. तो खल ओढून गोळी कुटायला बसला, आणि मी तिच्या पाठीवर हात ठेवून थांबले.