ठेंगा

वैशाखातल्या दुपारी आर्वीत मोबाईलच्या काचेवर बोट ठेवलं तरी चटका बसतो. खोलीत कुलरच्या ओल्या वाळ्याचा दाट सुगंध, खिडकीबाहेर पांढरंफटक ऊन, आणि माझ्यासमोर पडद्यावर निळ्या अंगठ्यांची निश्चल रांग. त्या रांगेने माझी बैठकच मोडली आहे. मी उठते, माठातलं पाणी पिते, पुन्हा येऊन बसते, बटणाचा रंग निळ्याचा हिरवा करते आणि हिरव्याचा पुन्हा निळा. चित्त म्हणून कशात लागत नाही.

तालुक्यातल्या शेतकऱ्यांचा एक ऑनलाइन चर्चामंच मी सांभाळते. सांभाळते म्हणजे त्याचं रूप सुधारत बसते: अक्षरं मोठी करते, हरवलेले प्रश्न सापडतील असे मांडते, एकाच्या उत्तरात दुसऱ्याचं भांडण घुसू नये म्हणून मध्ये रेघा ओढते. पडद्यावरची वाट जितकी सुगम तितका संवाद समृद्ध, अशी माझी भाबडी श्रद्धा. त्याच श्रद्धेपोटी 'आवडलं' सांगणारा अंगठा मी चांगला ठसठशीत केला होता. लिहायचा कंटाळा कोणाला नसतो? त्या कंटाळ्याची केवढी ही सोय!

मग सुमनमावशींनी मंचावर लिहिलं. मावशी रोहणा गावच्या, माझ्या आईच्या शाळेतल्या मैत्रीण. गुडघे धरल्यापासून त्यांनी शेत मक्त्याने दिलंय, आणि मक्तेदार बाजारचं बियाणं लावतो. सासूच्या काळापासून दरवर्षी पेरून राखलेली गावरान कपाशीची सरकी तेवढी त्यांच्या घरात उरली आहे. यंदाच्या मृगात कोणी पेरली तर वाण टिकेल, नाहीतर सरकी म्हशीपुढे जाईल. कोणाले पाहिजे काय, एवढंच त्यांनी विचारलं होतं. पाहता पाहता त्याखाली अंगठे उमटत गेले आणि मी सुखावले.

मावशींचा फोन आला तो रुसूनच. "काऊन वं पोरी, मी काई वाईट बोलली काय? सगळे मले ठेंगा दाखवून राह्यले."

मला हसू फुटलं. खरंच की! साऱ्या जगाने होकारासाठी उचललेला हा अंगठा आपल्याकडची पोरं वस्तू पाठीमागे लपवून नाकासमोर नाचवतात. मी समजावत राहिले, की मावशी, ठेंगा नव्हे तो, लोकांना तुमचं बोलणं आवडलं.

"आवडलं, त मंग न्याले काऊन नाई आलं कोणी?"

माझं हसू जागच्या जागी विरलं. तुम्हीच सांगा, मावशींनी त्या खुणेचा अर्थ चुकीचा लावला, की तोच खरा अर्थ होता? सहानुभूती इतकी सुलभ करून ठेवली, की ती दाखवून माणसं मोकळी झाली आणि पुढच्या प्रश्नाकडे सरकली. मीच त्यांना सरकायला वाट करून दिली होती. याचा मला राग येतो, आणि राग नेमका कोणावर काढावा ते कळत नाही.

शेवटी मी अंगठा काढून टाकला. त्याच्या जागी एक रिकामी चौकट ठेवली: 'दोन शब्द लिहा.' मंच एकदम थंडावला. काहींनी मात्र लिहिलं, ते मला शिव्या घालण्यापुरतं. आणि मावशींचा प्रश्न? अंगठे गेल्यावर तो उघडाबोडका दिसू लागला. खाली एक अक्षर नाही. इतके दिवस तो असाच एकाकी होता, फक्त दिसत नव्हता.

मृग तोंडावर आलाय. मी उठले, बसले, पुन्हा उठले. आमच्या घरामागे विहिरीजवळ थोडी जमीन गवत वाढवत पडली आहे, तिच्याकडे खिडकीतून पाहत राहिले. कपाशीतलं मला ओ की ठो कळत नाही. कोणीतरी नेईलच की, असं मनाशी म्हणत मी पुन्हा मावशींचा प्रश्न उघडला, आणि सवयीने माझं बोट अंगठा शोधत खाली गेलं. तो नव्हता. होती ती चौकट, माझीच, माझ्याकडे पाहत.

मग लिहिलं: 'मावशी, मी नेते. पेरायची कशी, ते शिकवाल?'

उत्तर लगेच आलं. 'येजो. पिशवी आणजो, अन् दोन दिवस राह्यजो.'