शेळी, पँट आणि माझं नीतिशास्त्र

"अगं बाई, पँट! शेळीनं पँट खाल्ली!" आई अशी ओरडली, की दापोडीतली आमची चाळच काय, पलीकडच्या रुळांवरची मालगाडीसुद्धा थबकली!

पँट अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची. घरातली एकुलती एक टेरिकॉट! त्याच संध्याकाळी ती घालून ते मोशीला ताईचं लग्न ठरवायला जाणार होते. शेळी शेजारच्या रशीदभाईंची. आणि या दोघींसमोर, ओट्यावर, बी.ए.च्या परीक्षेसाठी नीतिशास्त्र वाचत बसलेला विद्वान म्हणजे मी.

"आणि तू नुसता बघत होतास?"

"विचार करत होतो."

"मेल्या, तुझ्या बहिणीचं लग्न चघळलंय तिनं!"

पण मी खरंच विचार करत होतो हो! अण्णा तिसऱ्या शिफ्टहून येऊन आत झोपले होते. झोपण्याआधी त्यांनी माझ्याकडून शब्द घेतला होता, "घर पेटलं तरी ओरडायचं नाही." शेळीनं दोरीवर वाळत असलेल्या पँटची मोहरी तोंडात धरली, तेव्हा मी कर्तव्यवाद्यांचं पान उघडलं. ते म्हणाले, दिलेला शब्द पाळ, पँटचं व्हायचं ते होवो. शेळी गुडघ्यापर्यंत पोचली. मी घाईघाईनं परिणामवाद्यांकडे वळलो. ते म्हणाले, जास्तीत जास्त जणांना सुख होईल ते कर. एकीकडे ताईचं लग्न, दुसरीकडे अण्णांची झोप. पण शेळीचं सुख कुठं धरायचं? (ती भलतीच सुखात होती!) हे ठरेपर्यंत खिसा गेला. उरले सद्गुणवादी. ते म्हणाले, सज्जन माणूस अशा वेळी जे करील, ते कर. मी सज्जन माणूस डोळ्यांसमोर आणला. आले ते अण्णाच, आणि त्यांच्या अंगावर पँट नव्हती!

तेवढ्यात आई ओरडली आणि खरेखुरे अण्णा पट्ट्यापट्ट्याच्या चड्डीत धावत बाहेर आले.

संध्याकाळी ते कंपनीच्या खाकी कपड्यांतच मोशीला गेले. मुलाच्या वडिलांना वाटलं, ड्युटीवरून तडक आलेत, घर कष्टाळू दिसतंय. लग्न ठरलं!

मी तर उड्याच मारल्या. "बघा अण्णा, परिणाम चांगला झाला! म्हणजे माझं वागणं बरोबरच होतं. ओरडलो असतो तर शब्द मोडला असता!"

अण्णा शर्टाची बटणं सोडत म्हणाले, "शेळी हाकलायला ओरडावं लागत नाही. उठावं लागतं."