विरजण कुणाच्या हातचं

कुरुळीत सुमनताईंचं दही म्हणजे सुरीनं कापावं असं. लातूरकडून नवऱ्यामागे आलेली ही बाई बारा वर्षं एका कंपनीच्या कॅन्टीनला रोज चाळीस लिटर दुधाचं दही लावून देत होती. कुणी कधी नाव ठेवलं नाही. आणि आता सलग तीन दिवस दहीच लागेना. पातेल्यात नुसतं पांचट दूध. तिसऱ्या दिवशी सकाळी सातलाच कॅन्टीनवाल्यानं फोनवर सांगून टाकलं, "उद्या सकाळी नऊला दही आलं नाही, तर आम्ही दुसरा माणूस बघतो."

दोष कुणाचा, हे ताईंनी मिनिटात ठरवलं. सून दिव्या बाजूला बसायच्या दिवसांत विरजणाला शिवली होती. एवढ्यावर थांबतील तर त्या ताई कसल्या! शेजारच्या शालनबाईंना त्यांनी दारात उभं राहून ते सांगितलंही. शालनबाईंना सांगितलं म्हणजे गल्लीला सांगितलं.

दिव्या बारावी सायन्स झालेली. ती रडली नाही, भडकली. "आई, विरजणात जिवंत जंतू असतात. ते दुधातली साखर खाऊन आंबट करतात, म्हणून दही लागतं. त्यांना माझी तारीख कशी कळणार?"

"मग कशानं लागंना झालंय?"

"मलाही माहीत नाही. करून बघू."

त्याच सकाळी आठला तिनं चार वाट्या मांडल्या. दोनांत गवळी उद्धवरावांचं नेहमीचं दूध, दोनांत पिशवीचं. विरजण एकच, दिव्या शिवलेलं तेच; ऊबही तितकीच. प्रत्येक दुधाच्या एका वाटीला ताईंनी विरजण लावलं, एकीला दिव्यानं.

"माझ्या दोन्ही बिघडल्या, तर पुन्हा तुमच्या दह्याला हात लावणार नाही," दिव्या म्हणाली.

ताई दुपारपर्यंत त्या झाकणांकडे बघत बसल्या. जेवण गेलं नाही. खरं सांगायचं तर, सुनेच्याच वाट्या बिघडाव्यात असं त्यांना मनातून वाटत होतं, आणि त्याचीच भीतीही वाटत होती.

दोनला झाकणं निघाली. पिशवीच्या दोन्ही वाट्या घट्ट. उद्धवरावांच्या दोन्ही पातळ, ताईंनी लावलेलीसुद्धा.

ताई तडक गोठ्यावर गेल्या. उद्धवराव आधी उडवून लावत होते, मग हळूच म्हणाले, "एका गाईची कास सुजलीया, वहिनी. इंजेक्शनं चालू हायती. डॉक्टर म्हनला व्हता, तिचं दूध घालू नका. पर एवढ्या दुधात एका गाईचं काय कळतंय?"

"जंतू मारायचं औषध ते," घरी दिव्या म्हणाली. "विरजणातलेही मेले."

संध्याकाळी पिशव्यांचं चाळीस लिटर दूध तापवून झालं. हाताला सोसेल इतकं कोमट असतानाच विरजण लागायला हवं होतं. रोज दोन खेपांत लागणारं दूध आज सगळं एकदम तापलं होतं; एकट्या ताईंना ते जमणारं नव्हतं.

"चल, ये. निवायलंय दूध."

दिव्या उंबऱ्यावरून हलली नाही. "आधी शालनबाईंना सांगा."

पातेल्यांवरची वाफ कमी होत चालली होती. ताई दाराबाहेर गेल्या आणि गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडल्या, "शालनबाई! दुधात गाईचं औषध होतं. मी उगाच माझ्या पोरीचं नाव घेतलं!"

तीन दारं उघडली. ताईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण त्या तिथून हलल्या नाहीत. आत दिव्या हात धूत होती.

सकाळी नऊला दही कॅन्टीनला पोचलं. सुनेच्या हातचं आहे, हे ताईंनी कुणी न विचारता सांगितलं.