मंगळवारचं पाणी

मंडळी, आत्ताच चांदवडकडच्या एका वस्तीवरून परतलेय. डोकं बंद पडलंय, म्हणून इथे लिहितेय.

मी नाशिकला सार्वजनिक आरोग्य शिकते. प्रबंध त्या वस्तीच्या विहिरीवर. चार महिने दर मंगळवारी जाऊन पाणी तपासलं. औषधाचे थेंब टाकले की पाणी पिवळं व्हायचं, म्हणजे क्लोरीन आहे. दर वेळी पिवळं! सर खूश, मी खूश.

परवा सबमिशन, म्हणून आज सोमवारीच गेले. पाण्याचा रंग बदललाच नाही. तीनदा तपासलं.

विहिरीत क्लोरीनची पावडर टाकणारे पंचायतीचे काका शांतपणे म्हणाले, "ताई, पावडर मंगळवारी टाकतो ना. तुम्ही येता म्हणून."

सरांना फोन केला. "आकडे तू खोटे लिहिलेस का? नाही ना? मग दे सबमिट करून."

मी विहिरीपाशीच रडायला लागले. पाणी भरणाऱ्या एका वहिनींनी तांब्या पुढे केला. "घ्या ताई, लय चांगलं पाणी हाय. तुम्हीच तर तपासता."

माझा हात पुढे झाला नाही. मी काही बोलायच्या आत त्यांनी तेच पाणी कडेवरच्या लेकराला पाजलं.

सांगा, परवा मी काय सबमिट करू?