देल्फिनाचे उभे राहणे

देल्फिना ओरोस्कोचे पाय एकसष्ट वर्षांचे होते. त्यांतली एकतीस वर्षे ते शिकागोतल्या टॉर्टियाच्या, म्हणजे मक्याच्या पोळ्यांच्या, कारखान्यात, सरकत्या पट्ट्यापाशी उभे होते. तरी त्या पायांत नाच होता. मेक्सिकोतल्या मिचोआकानमधल्या तिच्या गावाने तो दिला होता आणि कारखान्याच्या कोणत्याही पाळीला तो काढून घेता आला नव्हता.

त्या वसंतात आमच्या वस्तीच्या सभागृहात हिमेना नवे नृत्य बसवत होती. मेक्सिकोची, पोर्तो रिकोची, कोलंबियाची, आम्हा सगळ्यांचीच जुनी पावले मोडून नव्याने सांधलेली. त्यांत तीन मिनिटे एकट्या देल्फिनाची होती. खिळे ठोकलेल्या बुटांनी फळ्यांवर धरलेला ठेका! पण गुडघे सुजले होते आणि दोन तालमींत ती मध्येच थांबली होती. हिमेनाने मायेने, पण स्पष्ट सांगितले होते की रविवारची तालीम पाहून ठरवीन, नाहीतर ठेका संचातल्या तरुण यारित्साला जाईल. शनिवारी देल्फिनाने चर्चमध्ये मेणबत्ती लावली आणि देवाला विनवले, तीन मिनिटे मला दे, उरलेले गुडघे तुझे.

रविवारी ती सकाळची पाळी संपवून थेट आली. विंगेत मिग्दालिया होती. पोर्तो रिकोची ही बाई, ज्याला त्याला वेळेवर रंगमंचावर धाडणे हे तिचे काम.

"लग्नाला निघालीस की दवाखान्यात?" मिग्दालियाने डिवचले.

"नवरा मिळाला तर लग्नाला, गुडघा मिळाला तर नाचाला."

दिवे मंदावले. देल्फिनाने विचारले, जाऊ का? रंगमंचावरची नजर न काढता मिग्दालिया पुटपुटली, "आओरीता."

देल्फिनाच्या गावी या स्पॅनिश शब्दाचा अर्थ आत्ता, या घडीला. मिग्दालियाच्या बेटावर त्याचाच अर्थ थांब, थोड्या वेळाने. दोघींना हे वर्षानुवर्षे ठाऊक होते, त्यावर दोघी कितीदा हसल्याही होत्या. पण थकलेल्या जिवाला जन्माचीच भाषा ऐकू येते. देल्फिना गेली.

रंगमंचावर सहा तरुण देह नदी होऊन आडवे पडले होते. तिच्या ढोलाला अजून चार मिनिटे होती. माघारी फिरायचे बळ पायांत नव्हते. ती उभी राहिली. दोन्ही हात कमरेवर, भार कधी डाव्या पायावर, कधी उजव्या. खांदे खचलेले, डोळे समोरून अखंड सरकणाऱ्या कशावर तरी लागलेले. नदी तिच्याभोवतीने वाहत राहिली. हिमेनाने तालीम थांबवली नाही.

मग ढोल वाजला. एक मिनिट तिने ठेका धरला. दुसऱ्या मिनिटाला उजवा गुडघा लचकला आणि ठेका तुटला.

ती बाकावर बसून बुटांच्या नाड्या सोडू लागली. मिग्दालिया रडवेली झाली होती. "अगं, मी थांब म्हणत होते."

"मग थांब म्हणायचं ना, बाई."

हिमेना तिच्या पायांशी बसली. "मावशी, ठेका यारित्साला देते."

"दे. टाच जरा उचलून आपट म्हणावं तिला."

"पण आज आलात तशाच लवकर या. त्या नदीत उभ्या राहा. शेवटपर्यंत."

देल्फिनाने सुटलेला बूट बाजूला ठेवला. "एकतीस वर्षं तेच केलं गं. कुणी ढुंकून बघितलं नाही. आता पाळी सुटल्यावरसुद्धा उभीच राहू?"

हिमेना म्हणाली की नाही म्हटलेत तरी चालेल.

"नाही म्हणत नाही मी. दमले, एवढंच सांगतेय."

प्रयोगाच्या दिवशी ती अनवाणी उभी राहिली, पुरती नऊ मिनिटे. तिसऱ्या रांगेत तिच्या कारखान्यातल्या बायका पाळीवरून तशाच आल्या होत्या. त्यांच्यातली एकही हलली नाही, एकीनेही टाळी वाजवली नाही. त्या नुसत्या पाहत होत्या, आपलेच कुणी पाहावे तशा. हे प्रेम होते की शीण, मला वेगळे काढता आले नाही.

दिवे मालवले, तरी देल्फिना निघेना. पाय जागीच ताठले होते. तेव्हा मिग्दालिया काळोखात आत गेली आणि तिने आपला खांदा पुढे केला. मग दोघी सावकाश, फार सावकाश, बाहेर आल्या.