टकटक सर आणि त्यांची उच्चारी

टकटक सर बोलण्याआधी टेबल वाजवत. मधल्या बोटाच्या पेराने दोनदा, टक टक, आणि मग वाक्य. "टक टक. बसा." "टक टक. लाइट गेली." चहाच्या टपरीवर उभे असले तर टपरीची फळी वाजवत, रिक्षात बसले तर रिक्षाची दांडी. एकदा हाताशी काहीच नव्हतं, तेव्हा माझ्या डब्याचं झाकण वाजवून त्यांनी मला विचारलं होतं, "भाजी कशाची हाय?" नांदेडला वजिराबादच्या मागच्या गल्लीत दुसऱ्या मजल्यावर त्यांचा क्लास होता आणि खाली एका शिंप्याचं दुकान. तो बिचारा महिन्यातून एकदा जिना चढून वर यायचा आणि दारातूनच विचारायचा, "सर, तुमचं सुतारकाम कवा संपनार?"

मी लोह्याहून बी.एस्सी. करून त्यांच्याकडे आले होते. इंग्रजी मला वाचता यायचं, लिहिता यायचं, पेपरात मार्कही पडायचे. फक्त तोंडातून काढता येत नव्हतं. क्लासात आम्ही तीसजण होतो आणि तीसही जणांचं दुखणं हेच. सर मुलांना गावावरून हाक मारत, म्हणून मी लोहेकर झाले आणि अजून आहे. माझं खरं नाव सरांना माहीत होतं की नाही, याची मला आजही शंका आहे.

सरांनी स्वतः संगणकाचा एक प्रोग्रॅम लिहिला होता. दहा-बारा वर्षं ते त्याच्या मागे लागले होते. डावीकडे इंग्रजी मजकूर टाकायचा, बटण दाबायचं, की उजवीकडे तोच मजकूर उच्चाराच्या खुणांमध्ये उमटायचा. मोठ्या शब्दकोशांत असतात ना, त्याच त्या खुणा. त्यांच्या खाली आमच्यासारख्यांवर दया म्हणून देवनागरीत उच्चार, आणि शब्दात जिथे जोर द्यायचा तिथे एक छोटी उभी रेघ. प्रोग्रॅमचं नाव होतं 'उच्चारी'. सर तिच्याबद्दल घरातल्या मुलीबद्दल बोलावं तसं बोलत. "आज उच्चारी जरा हळू चालून राहिली," म्हणजे संगणकात धूळ गेलेली असायची.

त्या खुणांमध्ये एक पालथा पडलेला इंग्रजी ई होता. तो जिकडे तिकडे दिसायचा आणि आम्हाला छळायचा. सरांनी त्याचं नाव ठेवलं होतं आळशी अ. "टक टक. ह्यो आळशी अ. ह्याला तोंड उघडायचा कंटाळा. तिकडं थंडी लई असती, लोकं तोंड कमीच उघडत्यात." ही माहिती कितपत शास्त्रीय होती देव जाणे, पण त्या दिवसापासून तो अ आमच्यापैकी कुणाचाही चुकला नाही. आमच्यातला सगळ्यात झोपाळू मुलगा होता, त्याचंही नाव मग आळशी अ पडलं.

उच्चारीच्या पोटात सरांनी हाताने भरलेला शब्दकोश होता. त्यात नसलेला शब्द आला की ती नियमाने अंदाज बांधायची आणि तो शब्द लाल करायची. लाल शब्द दिसला की वाचन थांबवायचं, उच्चार शोधायचा आणि सरांनी तो तिथल्या तिथे कोशात घालायचा, अशी रीत होती. लाल शब्दाला हसायला बंदी होती. "मशीन लाजली म्हंजे हसू नये. तिला म्हायती न्हाई, म्हनून इचारून राहिली. तुमी कधी इचारता का?" आम्ही विचारत नसू, हे खरंच होतं.

ही बंदी एकदाच मोडली. देवणीच्या एका मुलाने नोकरीचा अर्ज उच्चारीत टाकला आणि तिने त्याच्या गावाचं नाव लाल करून लिहिलं, डिओनाय. त्याच्या घरी देवणी जातीचे नामांकित बैल होते. तो तिरमिरीत उभा राहिला आणि म्हणाला, "सर, आमचा बैल उपाशी मरंल, पन ह्या नावाला ओ देनार न्हाई!" आम्ही बाकांवर आडवे झालो. आळशी अ तर खरोखर खाली पडला. सर मात्र गंभीर झाले. दुसऱ्या दिवशी त्यांनी फर्मान काढलं, की प्रत्येकाने आपल्या भागातल्या दहा गावांची नावं घेऊन यायची, वाड्या-तांड्यांसकट. पुढचा महिनाभर सर नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतली गावं यंत्राला खाऊ घालत होते. मुलाखती तोंडावर आलेल्या, पोरं कुरकुरायला लागली, तर म्हणाले, "इंग्रजी मागून येईल. आधी तिला आपलं गाव आलं पायजे."

काकू, म्हणजे सरांच्या मंडळी, मधल्या सुट्टीत चहा घेऊन यायच्या आणि सरांची यथेच्छ थट्टा करायच्या. "मला पाह्यला आले तवा पोह्याची बशी वाजवली. मला वाटलं, पोहे लागत्यात. वाढले. परत वाजवली, परत वाढले. तिसऱ्यांदा वाजवली तवा आमची आई आतून म्हनली, पोरगा खाणारा दिसतो, पन बोलत कामून न्हाई?" सर मान खाली घालून हसत. आम्हीही हसत असू, आणि इतकं ऐकूनही आमच्या डोक्यात काही प्रकाश पडत नसे.

प्रकाश पडण्याऐवजी आम्ही भलतंच केलं. सर बोलताना वाजवतात, कागदावर जोराची उभी रेघ असते, तेव्हा रेघ आली की वाजवायचं असतं, असा आमचा आम्हीच शोध लावला. कुणी कुणाला विचारलं नाही. जुन्या मुलांचं बघून नवी मुलं वाजवू लागली. तीसजण उच्चारीचा कागद पुढे धरून इंग्रजी वाचायचे आणि रेघेरेघेला तीस बोटं बाकांवर पडायची. गंमत म्हणजे जोर बरोबर पडायला लागला. मी तर घरी लोह्याला भाकरी थापतानाही परात वाजवून इंग्रजी वाक्यं म्हणायची आणि आई म्हणायची, "नांदेडात हेच शिकवून राहिलेत का?" सर हे सगळं बघत होते. थांबवत नव्हते.

मग माझी लातूरला एका मोठ्या कंपनीत मुलाखत आली. समोर तिघं बसले होते. मी नाव सांगायला सुरुवात केली आणि सवयीने टेबलाखालच्या फळीवर टक केलं. मधले साहेब दाराकडे बघून म्हणाले, "कम इन." कुणी आलं नाही. मी शिक्षण सांगितलं, टक टक. "कम इन, प्लीज." तिसऱ्यांदा ते स्वतः उठले, दार उघडून बाहेर डोकावले आणि शिपायाला रागावले. तो म्हणाला, "सायेब, हितं चिटपाखरू न्हाई." ते परत येऊन बसले. मी पुढचं वाक्य उचललं, हात आपोआप फळीकडे गेला, आणि तिघंही वाकून टेबलाखाली माझ्या बोटाकडे बघू लागले. मी हात मांडीवर ठेवला. त्याबरोबर सगळं इंग्रजी जे गेलं, ते परत आलंच नाही. नोकरीही गेली.

लातूर ते नांदेड एसटीत मी सरांना काय काय बोलायचं, ते पाठ करत आले. क्लासात शिरले आणि सगळ्यांसमोर तोफ डागली. 'कम इन'पर्यंत आले तेव्हा सर हसायला लागले. डोळे पुसून पुसून हसले, क्लास हसला, शेवटी रागाच्या भरात मीही हसले. मग सरांनी टेबल वाजवलं आणि म्हणाले, "लोहेकर, ते इंग्रजीचं न्हाई. ते माझं हाय."

उदगीरला त्यांच्या वडिलांचं किराणा दुकान होतं. लहानपणी सर गल्ल्यावर बसत. गिऱ्हाईक विचारायचं, हरभऱ्याची डाळ आहे का, आणि 'हाय' एवढा शब्दही तोंडातून निघायचा नाही. जीभ अडायची. गिऱ्हाइकं नक्कल करायची. एकदा चिडून त्यांनी तराजूचं वजन फळीवर आपटलं आणि त्या आवाजासरशी शब्द बाहेर आला. तेव्हापासून ते वाजवत होते. "शब्द आत असतो, माय. दार वाजवलं की भाईर येतो." उच्चारीही त्यातूनच आली होती. बोलायचा शब्द कसा आहे हे आधी कागदावर दिसलं, की त्यांची भीती निम्मी व्हायची.

"मग आम्हाला सांगितलं कामून न्हाई, सर?"

"तुमी सगळे वाजवू लागले. त्यात माझी टकटक कोनाला ऐकूच येईना. लई बरं वाटलं." मग म्हणाले, "चुकलं माझं. तुझं नुस्कान झालं."

मला इतकी लाज वाटली, की एसटीत पाठ केलेलं सगळं विसरून मी त्यांचा थंड झालेला चहाच पिऊन टाकला.

त्याच आठवड्यात विष्णुपुरीकडच्या एका कॉलेजातून निरोप आला. खेड्यापाड्यांतून येणाऱ्या मुलांसाठी उच्चारी त्यांना प्रयोगशाळेत बसवायची होती. अट एकच, सरांनी स्वतः येऊन सगळ्यांसमोर ती समजावून सांगायची. सरांचा चेहरा उतरला. याआधी लातूरहून दोनदा असंच बोलावणं आलं होतं आणि दोन्ही वेळा सरांना ऐनवेळी ताप आला होता. काकू म्हणाल्या, "ह्यांचा ताप पत्रिका बघून येतो." उच्चारी आमच्या तीसजणांच्या पलीकडे गेलीच नव्हती, ती यामुळे. सर मला म्हणाले, "तू जा. तू सांग." मी म्हटलं, "माझी नोकरी तुमच्या टकटकीनं गेली. भरपाई म्हणून तरी तुमीच चला."

आम्ही सगळे तीन टमटम करून गेलो. काकूंनी सरांच्या कपाळाला हात लावून ताप नसल्याची खात्री केली. सभागृह झकास होतं, थंडगार, मोठा पडदा, खच्चून भरलेलं. फक्त एक गोष्ट आमच्या कुणाच्या ध्यानात आली नव्हती. स्टेजवर टेबल नव्हतं. सरांच्या हातात एक माइक दिला आणि सगळे खाली उतरले.

सरांनी इकडे तिकडे पाहिलं आणि माइकच वाजवला. टक टक. मागून पोरं ओरडली, "येतोय सर, आवाज येतोय!" सरांनी परत वाजवला. "येतोय, येतोय!" तिसऱ्यांदा एक तंत्रज्ञ धावत आला, माइक बदलून दुसरा दिला आणि अंगठा दाखवून गेला. मग सभागृह शांत झालं. सरांचे ओठ हलले. आवाज नाही. पुढच्या रांगेतून मला त्यांचा गळा दिसत होता, शब्द तिथपर्यंत येऊन अडकला होता. कुणीतरी मागे खुसखुसलं. दहा-बारा वर्षांची उच्चारी आता परत त्या जिन्याने दुसऱ्या मजल्यावर जाणार, असं मला वाटलं.

माझ्या खुर्चीला लिहायची फळी होती. मी ती वाजवली. टक टक. शेजारी आळशी अ बसला होता. तो जन्मात पहिल्यांदा वेळेवर जागा होता, त्याने वाजवली. मग देवणीकराने. मग आमच्या तीसही जणांनी. प्राचार्यांचा शिपाई धावत दार उघडायला गेला. सर आमच्याकडे बघून हसले आणि मोठ्याने म्हणाले, "नमस्कार. दार उघडलं!"

मग ते बोलले. मराठीत, सरळ. "माझी जीभ अडते. म्हनून ही मशीन केली," इथून सुरुवात. मध्ये अडले की कुठल्या ना कुठल्या कोपऱ्यातून टक टक यायची आणि शेवटी शेवटी तर आमची ओळखपाळख नसलेली कॉलेजची पोरंही वाजवायला लागली होती. नंतर एक मुलगी उठली आणि जरा लाजत म्हणाली, "माझ्या तांड्याचं नाव टाकू का?" तिने नाव टाइप केलं. आम्ही श्वास रोखला. नाव काळ्या अक्षरांत आलं, अगदी बरोबर. ती पोरगी पडद्याकडे बघत किती वेळ उभीच राहिली. सर म्हणाले, "तुझं गाव तिला पयलंच म्हायती हाय."

उच्चारी त्या कॉलेजात बसली, पुढे आणखी दोन ठिकाणी गेली. मला पुढच्या मुलाखतीत पुण्याला नोकरी लागली. तिथे मी टेबल वाजवलं नाही, बुटाच्या आत अंगठा वाजवला. अजूनही मीटिंगमध्ये इंग्रजी बोलताना माझा अंगठा आत काम करत असतो आणि ते कुणाला माहीत नाही. सरांनी क्लास बंद केला आणि ते लातूरला मुलीकडे राहायला गेले. शिंपी म्हणे आता म्हणतो, फार सुनं सुनं वाटतं.

सरांचा फोन येतो. आधी टक टक ऐकू यायचं, मग आवाज. गेल्या महिन्यात फोन आला तो एकदम, "लोहेकर, बरी हाय का?" मी गोंधळले. म्हटलं, "सर, टकटक कुठं गेली?"

सर नवल वाटून म्हणाले, "आता गं! इसरलोच की."

मला हसू आलं आणि रडूही आलं, आणि त्या दोन्हींत माझाच शब्द घशात अडकला. काही केल्या निघेना. मी फोन कानाला धरून समोरचं टेबल वाजवलं. टक टक.

"ये, माय," सर म्हणाले, "आत ये."